डाव्या कडेची माणसं

माझ्या फोटोंत न बोलावलेली माणसं येऊ लागली, त्याला आता तीन वर्षं होतील. पहिला आला तो दोंडाईच्याचा. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर सकाळी उन्हाची तिरकी पट्टी पडते, तेवढ्या पट्टीसाठी मी धुळ्याहून पहाटेच्या बसने गेलो होतो. समोर कोणी नव्हतं. अगदी शपथेवर सांगतो, कोणी नव्हतं. घरी येऊन फिल्म धुतली, वाळली, उजेडात धरली, तर चौकटीच्या डाव्या कडेला पोत्यावर एक म्हातारा बसलेला. पाय पोटाशी घेतलेले, बोटांत बिडी, आणि नजर थेट माझ्यावर.

मला राग आला. भीती नंतरची. फोटोत मला माणसं नको असतात. माणसांची तोंडं मी दिवसभर बघतो, धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, तीस वर्षं पोरांच्या हातून भिंगं फुटताना बघतोय. सुट्टीच्या दिवशी मला भिंत हवी, कुलूप लावलेलं दार हवं, फार तर एखादं कुत्रं चालेल. आणि हा म्हातारा माझ्या भिंतीसमोर फुकटचा बसला होता.

माझ्याकडे घडीचे अकरा कॅमेरे आहेत. घडीचे म्हणजे जाड डायरीएवढे चपटे. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं आणि काळ्या चामड्याच्या भात्याच्या टोकाला बसवलेलं भिंग बाहेर येतं. काम झालं की मिटून पुन्हा खिशात. बहुतेक जर्मन, दोन रशियन, सगळे वयाने माझ्यापेक्षा मोठे. काही जळगावच्या जुन्या बाजारात तांब्यापितळेच्या मोडीत मिळाले, काही बंद होणाऱ्या फोटो स्टुडिओंमधून. एक दोंडाईच्याच्या व्यापारी घरातून आला, तिथे तो देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात मखमलीत गुंडाळलेला होता आणि तो उघडतो कसा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांतले लाडके ते रेंजफाइंडरवाले, म्हणजे अंतर जुळवून देणारे. त्यांच्या माथ्यावर एक बारीक खिडकी असते. उजवा डोळा तिला लावायचा, डावा मिटायचा. दृश्याच्या मधोमध पिवळसर ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यात समोरच्याच वस्तूची दुसरी, जराशी सरकलेली प्रतिमा. चाक फिरवलं की दोन्ही प्रतिमा जवळ येत जातात आणि एका क्षणी एकमेकींवर बसतात. तेव्हा श्वास धरून खटका दाबायचा. खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठी मी हा सगळा पसारा मांडला आहे. ठिपक्यावर नजर रोवली की बाकीचं जग असलं काय, नसलं काय, मला सारखंच.

एका रोलवर बारा चौकोनी फोटो बसतात. रोल मी घरीच धुतो, न्हाणीघरात. मे महिन्यात धुळ्याच्या नळाला चहा करता येईल असं पाणी येतं, म्हणून औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून गार करतो. बायकोने त्या माठाचं नाव 'विषाचा माठ' ठेवलं आहे आणि पिण्याच्या पाण्याचा माठ स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेला आहे. तिच्या माहेरी, जळगावला, या माठाची गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

दोंडाईच्याच्या म्हाताऱ्यानंतर महिनाभराने पांझरा नदीच्या पुलावर एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा, फोटोच्या डाव्या कडेला अर्धी कापलेली. मग अमळनेरच्या स्टेशनात रिकाम्या बाकाचा फोटो काढला, त्यात बाकाच्या डाव्या बाजूला हमाल उभा. मग शाळेच्या भिंतीशी दोन बकऱ्या. मी रोल बदलून पाहिले, कॅमेरे बदलून पाहिले. जर्मन घेतला, रशियन घेतला. माणसं येतच राहिली आणि प्रत्येक वेळी डावीकडूनच.

आता माझी अक्कल बघा. प्रयोगशाळेत मी पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रकाशाच्या प्रयोगात एकच वाक्य सांगत असतो, 'आधी पॅरलॅक्स काढा.' दोन ठिकाणांहून एकच वस्तू पाहिली की ती सरकलेली दिसते, तो हा पॅरलॅक्स. कॅमेऱ्याची खिडकी भिंगाच्या वर आणि बाजूला असते, म्हणजे माझा डोळा एका जागेवरून बघतो आणि भिंग दुसऱ्या. म्हटलं, सापडला चोर. खिडकी कमी दाखवते, भिंग जास्त बघतं, हिशेब मिटला. बायकोला अर्धा तास आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "अहो, पण अकराच्या अकरा कॅमेऱ्यांना डावीकडचंच कसं वावडं?" मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. तिला कळत होतं.

संक्रांतीला अक्काकडे अमळनेरला गेलो तेव्हा ते फोटो मोठे करून सोबत नेले. अक्का माझी सख्खी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. तिच्या घरच्यांसमोर मी ते पत्त्यांसारखे एकेक मांडले आणि भुताच्या गोष्टी सांगाव्या तशी प्रत्येकाची कथा रंगवली. सगळे हसले. अक्का हसली नाही. तिने सगळे फोटो उचलून खिडकीशी नेले, उजेडात पाहिले.

"कोनता डोया लावस तू?" तिने विचारलं.

"उजवा."

"आनि डावा?"

"तो मिटी लेस."

तिने फोटो माझ्या हातात परत दिले आणि तिळगुळाचं ताट आणायला आत गेली. ती काय विचार करत होती ते मला तेव्हाच कळलं होतं. मी फोटो पिशवीत टाकले आणि कोणाशी तरी क्रिकेटवर भांडण काढलं.

इथे आबांबद्दल सांगावं लागेल. आबा म्हणजे आमचे वडील. अमळनेरच्या एका जिनिंगचा ट्रक चालवायचे, कापसाच्या गाठी धुळ्याला पोचवायचे. रस्त्यावर त्यांच्यासारखा सावध माणूस नव्हता असं लोक सांगत. एका सकाळी रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या बैलगाडीला त्यांचा ट्रक घासला. माणूस वाचला, एक बैल गेला. आबा पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, "बैल कोठेन उना? तठे बैल नव्हता." मग म्हणाले, आरसा खोटा शे. त्या ट्रकचा डावा आरसा त्यांनी तीन वेळा बदलून घेतला. चौथ्यांदा मागितला तेव्हा मालकाने त्यांना ट्रकवरून उतरवलं आणि गेटवर खुर्ची दिली.

घरी आम्हा दोघांना त्याचा खेळ झाला होता. अक्का समोर उभी राहून हात वर करायची आणि विचारायची, "आबा, कितला बोटं?" आबा हसत सांगायचे, "तीन." बहुतेक वेळा त्यांचं उत्तर तीनच असायचं. कधी चुकायचं, कधी बरोबर यायचं आणि आम्ही टाळ्या पिटायचो. मी सात वर्षांचा होतो. अक्का चौदाची, तिच्या लक्षात आलं की हात वर करताना बांगड्या वाजतात आणि आबा त्या आवाजाकडे तोंड फिरवतात. एक दिवस ती आबांसमोर बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून घट्ट बसवल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकही बोट वर न करता विचारलं, "आबा, कितला?"

"तीन," आबा म्हणाले. हसत म्हणाले.

"बराबर," अक्का म्हणाली, आणि मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसली. मी तिच्या मागे गेलो. रडताना तिने तोंडात ओढणीचा बोळा धरला होता, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे जवळपास गेलेले होते. गेलेलं परत येत नाही, आणि हा आजार घरात उतरतो, मुलांचे डोळे चाळिशीनंतर दरवर्षी दाखवत जा, असं आईला बजावून सांगितलं. आबा पुढे चौदा वर्षं जगले, अक्काचं लग्न होईपर्यंत तिच्या खांद्यावर हात ठेवून, नंतर माझ्या. अक्का चाळिशीपासून दरवर्षी डोळे दाखवते. मी एकदाही गेलो नव्हतो. कारण विचाराल तर भीती, दुसरं काही नाही. आबांचा हात खांद्यावर असताना त्यांची बोटं कशी रुतायची ते माझ्या खांद्याला अजून आठवतं.

संक्रांतीनंतर अक्काचे फोन सुरू झाले. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड.

"भाऊ, डोया दखाडी उना का?"

"जासू ना, अक्का. मन्हा डोया चांगला शेतस. कॅमेरा जुना शे."

"आबा बी असंच म्हनेत. आरसा खोटा शे म्हनेत."

मी फोन ठेवून द्यायचो. मग स्वतःलाच पटवण्यासाठी एका रविवारी गच्चीवर प्रयोग मांडला. भिंतीवर खडूने चौकट आखली, कडेकडेने आकडे लिहिले, कॅमेरा स्टँडवर बसवला, खिडकीला डोळा लावला आणि डावीकडचे आकडे मोठ्याने वाचले. सगळे दिसले. एकूण एक. मला इतका आनंद झाला की खाली येऊन बायकोला जिलबी आणायला पाठवलं. त्या प्रयोगातली खोट पहिल्या वर्षाच्या पोरानेही पकडली असती. आकडे शोधायला मी डोळा डावीकडे फिरवत होतो, म्हणून ते दिसत होते. फोटो काढताना माझी नजर मधल्या ठिपक्यावर रोवलेली असते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जर्नलातल्या चुका काढणाऱ्या माणसाला हे सुचू नये? सुचलं होतं, असंच आज वाटतं. मी तिकडे कानाडोळा केला.

वर आणखी एक शहाणपणा केला. खिडकी डावीकडचं कमी दाखवते ना, मग फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम थोडा डावीकडे वळवायला लागलो. त्याने झालं एवढंच की मला न दिसणारी माणसं कडेवरून चांगली आत आली.

मार्चमध्ये जळगावला गेलो होतो. बाजारातल्या एका बंद दुकानाच्या लाकडी फळ्या मला हव्या होत्या. डोळा खिडकीला लावून, ठिपक्यात दोन्ही प्रतिमा जुळवत मी डावीकडे एक पाऊल सरकलो. ब्रेक करकचले, काहीतरी माझ्या कोपराला घासून गेलं आणि मोटरसायकलवरचा माणूस पाय टेकून माझ्यावर ओरडला, "काका, आंधळे आहात का?" केळीवाल्या बायका बघत होत्या. मी त्याला दुप्पट आवाजात झापलं, बाजारात गाडी कशी चालवतात यावर भाषण दिलं. मग भाता न मिटताच कॅमेरा पिशवीत टाकला. घरी फिल्म धुतली. मोटरसायकल फोटोत होती, पूर्ण, चौकटीच्या चांगली आत, माझ्या दिशेने येणारी. दिवा चालू होता. एवढा मोठा दिवा मला दिसला नव्हता.

तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही. त्या दिवसापासून स्कूटर काढताना मला धाकधूक व्हायची, पण स्कूटरवर सगळं नीट दिसायचं. दोन्ही डोळे उघडे असताना डावं, उजवं, सगळं जागच्या जागी. म्हटलं, बघ, काही झालेलं नाही. आणि बायकोला मागे बसवून बाजारात जात राहिलो. तेवढ्याची मला आजही शरम वाटते.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर मांडून तिच्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या ठेवतात. आमच्याकडे घागर आबांची. आईवडील गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे माझंच घर, त्यामुळे ती आदल्या दिवशी अमळनेरहून बसने आली. सकाळी मी नवा रोल भरत बसलो होतो, ती शेजारी येऊन बसली. एरवी कॅमेऱ्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही.

"एक रोलमा कितला फोटो बसतस?"

"बारा."

"आज बठ्ठा काढशी?"

मी म्हटलं, हो, आज आखाजीचा पूर्ण रोल. बहिणीला शेवटी माझ्या छंदात रस वाटला म्हणून मी खूश झालो होतो.

सकाळभर मी काढत होतो. घागर, तिच्यावरचं खरबूज, रिकामा झोका, पाटावर निवत ठेवलेल्या सांजोऱ्या, दारातली रांगोळी. अक्का सारखी पायात पायात येत होती. कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला की ती कुठेतरी जवळच, हातात सूप किंवा झाडू, नाहीतर पदराने घाम पुसत उभी. मी दोनदा वैतागून म्हटलं, "अक्का, जरा बाजूले व्हय ना." ती निमूट बाजूला व्हायची. मी पुन्हा डोळा लावायचो आणि समोर फक्त घागर दिसायची, किंवा झोका. मी ठिपका जुळवायचो, खटका दाबायचो. तिचं अनवाणी चालणं मला ऐकू येत नव्हतं. बाकीही काही ऐकू येत नव्हतं.

बारावा फोटो झाल्यावर ती म्हणाली, "आतेच धुई टाक. देखा बगर मी काही घर जात नही."

दुपारी जेवणं झाली, आमरसाचे हात धुतले आणि मी न्हाणीघरात शिरलो. औषध गार होतं, वेळ बरोबर धरला, फिल्म पाण्याखालून काढली आणि उजेडाकडे धरली.

पहिल्या चौकटीत घागर होती. डाव्या बाजूला, घागरीपासून चार हातांवर, अक्का. निगेटिव्हमध्ये तिचे केस पांढरेफेक आणि तोंड काळं. उजवा हात वर केलेला, एक बोट. दुसऱ्या चौकटीत अक्का, चार बोटं. तिसरीत दोन. झोका, झोक्याच्या डावीकडे अक्का, पाच बोटं. सांजोऱ्या, अक्का, एक. मी फिल्म खाली खाली सरकवत गेलो आणि ती प्रत्येक चौकटीत होती. कुठेही लपलेली नव्हती. पूर्ण उभी, माझ्याकडे तोंड करून, मला विचारत. आणि उजव्या मनगटावरच्या बांगड्या तिने पदरात गुंडाळून डाव्या हाताने घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

बाराव्या चौकटीत तिने हात वर केला नव्हता. दोन्ही हात खाली सोडून ती नुसती उभी होती.

मी ओल्या फरशीवर बसलो. मागे दार वाजलं नाही, ते उघडंच होतं. अक्का उंबऱ्यात उभी होती.

"कितला दिखनात, भाऊ?"

तेव्हा मी आयुष्यात एक काम धड केलं. म्हटलं, "एक बी नही, अक्का."

ती आत आली, पातळ ओलं होईल याची पर्वा न करता शेजारी बसली आणि तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. मी पंचावन्न वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडलो. ती रडली नाही. तिचं सकाळीच रडून झालं असावं.

दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण तरुण, माझी विद्यार्थिनी शोभेल अशी. तिने डोळ्यांतला दाब मोजला, मग एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. एक डोळा झाकलेला. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवा, कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबा. मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम. उजवा डोळा तपासताना मी ठिपक्याकडे बघत वाट पाहत राहिलो. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, म्हणजे दिवे लागत असणार. बराच वेळ माझं बटण गप्प होतं.

उजव्या डोळ्याचा डावा भाग बहुतेक गेला होता. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा ती बाजू भरून काढतो, म्हणून कळत नाही, डॉक्टरीण म्हणाली. डावा मिटायची सवय नसती तर तुम्ही आणखी पाच वर्षांनी आला असतात. मग तिने दुसरा कागद पुढे केला. डाव्या डोळ्यात सुरुवात झाली होती. त्याची उजवी कड, अगदी थोडी. आहे ते राखायचा प्रयत्न करू, ती म्हणाली, थेंब चुकवायचे नाहीत, चार महिन्यांनी पुन्हा तपासू. अक्काने थेंबांची वेळ दोनदा विचारून घेतली. मी स्कूटरची किल्ली घरी आल्या आल्या बायकोच्या हातात दिली.

चार महिने नुसतं बसून राहणं माझ्याच्याने होईना. मी माझा प्रयोग मांडला, या वेळी खोट न ठेवता. कॅमेरा आता डाव्या डोळ्याला लावतो आणि उजवा मिटतो. परसात धुण्याच्या दगडासमोर उभा राहतो. बायको उजव्या कडेला येऊन, बांगड्या धरून, हवी तितकी बोटं वर करते. मी ठिपका जुळवतो, खटका दाबतो आणि किती बोटं दिसली ते वहीत पेन्सिलीने लिहितो. बारा फोटो, बारा आकडे. मग फिल्म धुवायची आणि आकडे ताडून बघायचे. अक्का महिन्याला एकदा बसने येते, चष्मा लावते, वही आणि फिल्म शेजारी ठेवून स्वतः मोजते. माझ्या शब्दावर तिचा भरवसा नाही.

पहिल्या महिन्यात बाराच्या बारा जुळले. दुसऱ्या महिन्यातही. अक्काने दोन्ही वेळा वहीच्या पानावर हात फिरवला आणि मग जेवायला बसली.

हा तिसरा महिना. काल सकाळी रोल काढला, आज दुपारी धुतला. अकरा जुळले. सातवी चौकट मी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली. तिच्यात धुण्याचा दगड आहे, मागची भिंत आहे, आणि उजव्या कडेला कोणीही नाही. मी बायकोला बोलावून विचारलं.

"अगं, सातव्या फोटोला कुठे होतीस?"

"दूध उतू जात होतं, म्हणून आत गेले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला दिसलंच असेल."

ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी वही उघडून बसलो आहे. त्या क्षणी काय झालं ते मला स्वच्छ आठवतं. कडेला काही दिसत नव्हतं. बायको तिथे असणारच असं धरून चाललो, विचारायची लाज वाटली, आणि काहीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

अक्का सोमवारी येणार आहे. आकडा पेन्सिलीचा आहे, खोडरबर टेबलाच्या खणात आहे. सातव्या चौकटीपुढे मी तीन लिहिलं होतं.